सूज उतरू द्या

माझं नाक डावीकडे झुकलेलं आहे. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत मी एवढी स्पष्ट भूमिका घेतलेली नाही. ऑफिसात माझी ख्याती नाकासमोर चालणारा माणूस अशी आहे, पण ती शब्दशः खरी करायला गेलो, तर अप्पा बळवंत चौकातून शनिपाराकडे निघालेला मी वाटेतच तुळशीबागेत शिरेन.

हा कल कॉलेजात मिळाला. गलीत उभा होतो. सीझन बॉल आला, नाकावर बसला, तिथून उडाला आणि पॉइंटवरच्याने तो अलगद झेलला. फलंदाज बाद. स्कोअरबुकात माझा उल्लेख नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं एका नाकपुडीने श्वास घेतला आणि दुसरी शोभेला ठेवली. लग्न जमवताना मुलीकडे जो फोटो गेला, तो फोटोग्राफरने फार विचार करून एका बाजूने काढला होता. मुलगी बघायला गेलो तेव्हाही मी तीच बाजू धरून बसलो, त्यामुळे सासऱ्यांचा समज झाला की जावयाला मान वळवता येत नाही. तरी लग्न झालं. मग घोरणं सुरू झालं. बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली, हॉलमधून मुलीच्या खोलीत गेली, आणि मुलगी दार आतून लावून घ्यायला लागली तेव्हा मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो.

‘नाकाचं हाड वाढलंय,’ असं मी आत शिरता शिरताच सांगून टाकलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि वाढलेलं काहीच नाही असं सांगितलं. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा, तो सरकलाय. तो सरळ करायचा. बाहेरून टाका नाही, खूण नाही.

‘बाहेरून काहीच दिसणार नाही?’ मी विचारलं.

‘काहीच नाही,’ ते अभिमानाने म्हणाले.

मला नेमकं बाहेरून दिसायला हवं होतं. पण ‘त्रास काय होतो’ या प्रश्नाला मी आधीच ‘श्वास’ असं उत्तर देऊन बसलो होतो. पन्नाशीला टेकलेल्या, डोक्यावर केसांपेक्षा गृहकर्जाचे हप्ते जास्त असलेल्या माणसाने ‘मला जरा देखणं करा’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आमच्या घराण्यात पुरुषाने सौंदर्यावर करायचा कमाल खर्च म्हणजे दाढीचं ब्लेड, आणि तेही वडील दोन्ही बाजूंनी वापरत. शिवाय मामला विम्याचा होता. माझी पॉलिसी माझ्या मेहुण्याने उतरवलेली आहे. त्याने समजावलं, ‘दाजी, पडद्याचं ऑपरेशन पॉलिसीत बसतं, फक्त पॉलिसी घेतल्यापासून चोवीस महिने थांबायचं. दिसण्यासाठी केलेलं मात्र काहीच बसत नाही.’ म्हणजे मी श्वास घेण्याला कंपनीची हरकत नव्हती. दिसायचं असेल तर स्वतःच्या खिशातून.

तेव्हा आधी विम्यासाठी थांबलो. हे माझं थांबण्याचं पहिलं पर्व, आणि सगळ्यात सोपं, कारण त्यात जागी बायको राहत होती.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. भूल ही गोष्ट मला फार आवडली. आठवतो तो पॅक. ऑपरेशननंतर रक्त थांबावं म्हणून दोन्ही नाकपुड्या मलम लावलेल्या गॉजने ठासून भरतात. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण ज्याने केली त्याला पॅक घातलेला असणार. घास तोंडात असताना श्वास घ्यायचा कुठून, या पेचात मी भाताची पेज तासभर पीत असे. बोलायला गेलो की ‘म’चा ‘ब’ होई. दादा भेटायला आला, त्याला मी ‘बजेत आहे’ असं सांगितलं आणि तो बजेटचं काय म्हणतोस म्हणून विचारत बसला.

पॅक काढायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘फक्त पट्टी ओढायची आहे.’ त्यांनी चिमट्याने टोक धरलं आणि ओढायला लागले. पट्टी येत राहिली. मला वाटलं संपली. त्यांनी पकड खाली घेतली आणि पुन्हा ओढली. ट्रेमध्ये पिवळट-लाल वेटोळ्यावर वेटोळं पडत होतं, डोळ्यांतून पाणी आपोआप वाहत होतं, आणि एवढं सगळं माझ्या नाकात मावत होतं तर आजवर मी गुदमरत का होतो, हा एक शुद्ध गणिती प्रश्न मला पडला होता. शेवटचं टोक सुटलं आणि दोन्ही नाकपुड्यांतून हवा आत गेली. थंडगार, थेट कपाळापर्यंत. त्या क्षणी मी सौंदर्याचा विचार सोडून दिला होता.

घरी येऊन आरशात पाहिलं आणि पुन्हा धरला. आतला पडदा सरळ, बाहेरचं नाक होतं तिथेच. त्यात मिठाच्या पाण्याने नाक धुवायचा कार्यक्रम सुरू झाला. एका नाकपुडीत पाणी सोडायचं, ते दुसरीतून बाहेर येतं असं कागदावरच्या चित्रात दाखवलं होतं. चित्रातला माणूस हसत होता. माझं पाणी घशातून, एकदा तर कानाच्या दिशेने, कुठूनही जाई. बाहेर येई ते ठसक्यातून. एवढं करूनही आत पडदा आणि शेजारचा टर्बिनेट नावाचा मांसल कंगोरा एकमेकांना चिकटले. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. ते सोडवायला आणखी एक छोटं ऑपरेशन झालं. बायकोने सुनवलं, ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात हे माहीत होतं. तुम्ही तर नकटेही नाही.’

मग एक दिवस मी कोणाला न सांगता प्लास्टिक सर्जनकडे गेलो. बायकोला कळलंच, कारण तिनेच रिक्षाचे सुट्टे पैसे दिले होते आणि मी उरलेले परत केले नाहीत. पुढच्या खेपेला ती सोबत आली.

तिथे सगळ्यात आधी फोटो काढतात. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, आणि मान मागे टाकून खालून. खालून काढलेला आपल्या नाकाचा फोटो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघण्याचा योग कोणावर येऊ नये. दोन असमान गुहा, त्यात झाडोरा. मी म्हणालो, ‘कटिंगवाल्याकडे जाऊन येतो.’ सर्जन म्हणाले, ‘नको, हे असंच लागतं.’ मग त्यांनी माऊस धरून नाकाचा बांधा सरळ केला, शेंडा जरा उचलला आणि विचारलं, ‘असं काहीसं मनात आहे का?’

बायको पुढे झुकली. नीट बघून म्हणाली, ‘अगंबाई, हा तर माझा भाऊ.’

खरंच. पडद्यावर माझ्या चेहऱ्यात पॉलिसीवाला मेहुणा बसला होता. त्याचं नाक घरात नावाजलेलं आहे. सासूबाई ते अजून पाहुण्यांना दाखवतात. मी म्हटलं, चालेल. आपल्याला नाकाशी मतलब. फोटो मोबाइलवर मागून घेतला.

‘कधी करायचं?’ मी विचारलं. ‘मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे.’

‘आधीची ऑपरेशनं कधी झाली?’

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. हातमोजा चढवून माझ्या नाकाचा शेंडा दोन बोटांत धरला, दाबला, कडेकडेने चाचपला. मला म्हणाले, तुम्ही दाबून बघा. दाबलं तर आत काहीतरी घट्ट, न हलणारं लागत होतं. बाहेरून जखम भरते ती काही आठवड्यांत, पण आतला व्रण कित्येक महिने काम करत असतो, हे त्यांनी समजावलं. आधी कडक आणि चिकट असतो, कातडी आणि कूर्चा यांचे थर सुटे होत नाहीत, रक्त जास्त जातं, आणि सूज असताना घेतलेलं माप सूज उतरल्यावर खोटं ठरतं. वर्षभराच्या सुमारास तो मऊ पडतो. तरी जुन्या कातडीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपासच ताकद परत येते, पुरती कधीच नाही. नुसतं आतल्या पडद्याचं झालं असेल तर तीन ते सहा महिने थांबून भागतं. आकाराचंच ऑपरेशन दुसऱ्यांदा करायचं असेल तर किमान वर्ष. कातडी जाड असेल तर त्याहून जास्त, कारण शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी उतरते. माझ्या आत दोनदा हात घातलेला, शिवाय कातडी जाड. ‘आपण वर्ष धरू,’ ते म्हणाले.

‘आणि दोन्ही एकदमच केलं असतं तर?’

‘झालं असतं की. पुष्कळदा एकत्रच करतात. पडदा आणि आकार, एका भुलीत. तुम्ही आधीच्या डॉक्टरांना बोलला नव्हतात का?’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरच्या मेहुण्याकडे पाहिलं.

अजून एक भानगड निघाली. वाकडं नाक सरळ करताना आधारासाठी कूर्चेच्या पट्ट्या लागतात आणि त्या पडद्यातूनच काढतात. पडदा सरळ करताना मधला भाग काढून टाकतात, पण वरून आणि पुढून साधारण एकेक सेंटिमीटरची पट्टी राखावी लागते. ती गेली तर नाक मधेच खचतं. मधला भाग आधीच गेला. आता लागली तर कानातून घ्यायची. कानातली पुरली नाही तर बरगडीतून. नाकासाठी बरगडी! मी घरी परत येताना रिक्षात कान, बरगडी, नाक असा हात फिरवत होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं मी न्यास करतोय.

उठता उठता सर्जननी सहज एक गोष्ट सांगितली. नाकाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या कुठल्या पेशंटपासून जपून राहावं, यासाठी त्यांच्या शास्त्रात पाच इंग्रजी अक्षरांचा एक संकेत आहे: सायमन. म्हणजे सिंगल, इममॅच्युअर, मेल, ओव्हर-एक्स्पेक्टंट, नार्सिसिस्टिक. एकटा, अपक्व, पुरुष, अवास्तव अपेक्षा असलेला आणि स्वतःवर भाळलेला. मी ताबडतोब सांगितलं, माझं लग्न झालंय. बायको म्हणाली, ‘हो, तेवढं एक सोडलं तर.’ त्या दिवसापासून मी आरशापुढे उभा राहिलो की मुलगी आतून ओरडते, ‘सायमन, परत जा!’ शाळेत इतिहास नीट शिकवला की तो असा उलटतो.

तर मी वर्षभर थांबणार होतो. थांबण्यात माझी गती बेताची आहे. लिफ्टचं बटण मी दोनदा दाबतो. एक वर्ष, एवढं सगळं विज्ञान, लेझर, रोबो, आणि नाकाच्या शेंड्याची सूज उतरायला एक वर्ष? या संतापात मी नाकाचा इतिहास वाचायला घेतला आणि तिथे मला कावसजी भेटला.

हा कावसजी मराठा बैलगाडीवान, इंग्रजांच्या फौजेत गाडी हाकणारा. १७९२च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. नाकाच्या उरलेल्या थोटकावर मेणाचं नाक घडवायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवून, भुवयांच्या मधे देठ जोडलेलाच ठेवून, खाली वळवून बसवायची. सुश्रुताने पानाचं माप घेऊन गालाच्या कातडीने नाक करायची रीत सांगितली आहे, त्याच घराण्यातली ही विद्या. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात कावसजीची हकिकत चित्रासह छापली. जोसेफ कार्पू नावाच्या लंडनच्या सर्जननी याच पद्धतीचं पहिलं ऑपरेशन केलं ते १८१४ साली. म्हणजे इंग्रजांना वाचून करायला वीस वर्षं लागली. माझा जीव जरा थंड झाला.

पण मला त्या हकिकतीतली दुसरीच गोष्ट खटकली. नाक कापल्यावर कावसजी किती काळ तसाच होता? बारा महिन्यांहून अधिक. तेव्हा ना भूल, ना टाचण्याची धड सोय, ना विमा. तोही वर्ष थांबला आणि मीही वर्षच थांबायचं! सव्वादोनशे वर्षांत काय प्रगती केली आपण? हे मी सर्जनना फोनवर ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘प्रगती आमच्यात झाली. कातडीत नाही.’

मी कसब्यात राहतो, कुंभारवाडा हाकेच्या अंतरावर. त्या विटा बनवणाऱ्याच्या आठवणीने एका संध्याकाळी तिकडे चक्कर मारून आलो. कपाळाच्या कातडीचं विचारायचं धाडस झालं नाही, दोन पणत्या घेऊन परतलो.

घरात प्रत्येकाने माझी सूज आपल्यापरीने वाटून घेतली. आई रोज सकाळी मला आरशापुढे नाक दाबताना बघे. म्हणाली, ‘लोणचं मुरत घातलं की रोज बरणी उघडून चाखत नाहीत, नासतं.’ आत्याने सांगितलं पितृपक्षात करू नकोस. वहिनीने सांगितलं चातुर्मास उतरू दे. बायकोने कॅलेंडरवर वर्ष पूर्ण होतं त्या तारखेभोवती गोल केला आणि त्याच चौकोनात ‘गॅस’ असंही लिहिलं, त्यामुळे नंतर कोणालाच ती तारीख कशाची ते नीट सांगता येईना. मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे झालं. अल्बममध्ये मी सगळीकडे एका बाजूने आहे. व्याही विचारत होते, यांना मान वळवता येत नाही का.

मेहुणा लग्नात सगळीकडे समोरून होता.

वर्ष भरत आलं. शेंडा मऊ लागू लागला, बोटाखाली किंचित हलूही लागला. सर्जननी पाहिलं, समाधानाने मान हलवली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. ऑपरेशननंतर काही आठवडे चष्मा नाकावर ठेवायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, नाक शिंकरायचं नाही, सगळं ऐकून घेतलं. मी तोंड उघडून शिंकायचा सराव सुरू केला. बसमध्ये जागा मिळू लागली.

आणि मग भाचीची मुलगी आली. वय दीड वर्ष. मला आजोबा म्हणण्याइतकं तिला अजून बोलता येत नाही, एवढीच तिची चांगली बाजू. मांडीवर घेतली, खिडकीतला कावळा दाखवला. कावळा उडाला. तिने आनंदाने सगळ्या ताकदीनिशी डोकं मागे फेकलं.

दीड वर्षाच्या मुलाचं डोकं मागून केवढं कठीण असतं, याचा उल्लेख कुठल्याच ग्रंथात नाही. काडकन आवाज झाला. मुलगी खदखदून हसली, कारण आजोबांच्या नाकातून लाल पाणी येतं हे तिला नवीन होतं. आईने कांदा फोडला. आत्याने मान वर कर म्हटलं, वहिनीने खाली कर म्हटलं. मी दोन्ही केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाकाची हाडं मोडलीत असं सांगितलं आणि पुढचं वाक्य तेच उच्चारलं.

‘सूज उतरू द्या.’

मात्र इथे नवीन गंमत होती. ताज्या फ्रॅक्चरला चार-पाच दिवस थांबायचं, म्हणजे सूज उतरून हाड हाताला लागतं. पण दोन आठवड्यांच्या आत बसवायचंच, नाहीतर ते वाकडंच जुळतं. थांबायचं, पण फार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वभावाला मानवणारा उपचार मिळाला.

ठरल्या दिवशी गेलो. डॉक्टर म्हणाले, ‘मार लागण्याआधी नाक कसं होतं, तो फोटो आहे का? त्याप्रमाणे बसवतो.’

एखाद्या माणसापुढे नशीब असं स्वतःहून येऊन उभं राहतं. मी मोबाइल काढला. मेहुण्याच्या नाकाचा माझा फोटो उघडला आणि पुढे केला. ‘हा बघा. असंच होतं. अगदी सरळ.’

डॉक्टरांनी फोटो बघितला. मला बघितलं. मग, बहुधा अनुभवाने, बायकोकडे बघितलं. बायकोने एक शब्द उच्चारला नाही. पर्स उघडली, आतून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

आधारवरचा फोटो समोरून असतो.

थोडीशी भूल देऊन त्यांनी हाडं बसवली. डोळे उघडले तेव्हा नाकावर पट्टी आणि नाकपुड्यांत पुन्हा पॅक. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात माझी हनुवटी धरून बराच वेळ पडताळून पाहिलं. चेहऱ्यावर कलावंताचं समाधान होतं. ‘बघा, जसंच्या तसं. डावीकडचा कोनसुद्धा पकडलाय.’ बायको म्हणाली, ‘हो, हेच हे.’

सर्जनकडे गेलो. त्यांनी शेंडा दोन बोटांत धरला, दाबला, आणि काही न बोलता पुढच्या वर्षाची डायरी मागवली.

मेहुण्याचा फोन मात्र आनंदाचा होता. ‘दाजी, अपघाताला थांबायची अट नाही, सगळं क्लेममध्ये बसतं.’ फॉर्म घेऊन तो स्वतः आला आणि समोर बसून, सरळ नाकाने, एकेक रकाना भरू लागला. ‘इजा कशामुळे’ इथे त्याने ‘नातलग’ लिहिलं. ‘पोलिसांत कळवलं आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ वर खूण केली, भाचीच्या मुलीकडे एकदा बघितलं, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: आपसात मिटले.